सासऱ्यांकडं बघायचं कसं

चित्रकलेच्या वर्गाला मी गेले ती चित्रकलेच्या ओढीनं नव्हे. माझ्या मोठ्या जाऊबाईंचा रक्तदाब वाढला होता आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोकं शांत राहील असं काहीतरी करा. जाऊबाईंना आम्ही अक्का म्हणतो. अक्कांचं डोकं शांत राहावं ही आमच्या घराची फार जुनी इच्छा, त्यामुळं सगळ्यांनी हा सल्ला उचलून धरला. आधी त्या योगाला गेल्या. तिथल्या सरांनाच श्वास कसा सोडायचा ते शिकवून परत आल्या. मग भजनी मंडळात गेल्या, तिथं पेटी वाजवणाऱ्या बाईंशी सुरावरून वाजलं. मग एका शाळेच्या फाटकावर त्यांना पाटी दिसली. ‘मोठ्यांसाठी चित्रकला, दर रविवारी. काहीच येत नसले तरी चालेल.’

“हे आपल्यासाठीच लिवलंय,” अक्का म्हणाल्या. त्यांना एकटीनं कुठं जायची सवय नाही, म्हणून त्या ‘आपल्या’त मी आले.

आमचं घर लातूरचं, डाळीच्या धंद्यातलं. मी माहेरची नांदेडची. लग्नाला पंचवीसेक वर्षं झालेली, मुलं शिकायला पुण्याला गेलेली, आणि रंगांच्या बाबतीत माझं ज्ञान तूर, मूग, मसूर, हरभरा एवढ्यावर येऊन थांबलेलं. चित्र म्हणून आयुष्यात काढलं असेल तर शाळेतलं ते नेहमीचं. दोन डोंगर, मधून सूर्य, खाली झोपडी, आणि आकाशात चारच्या आकड्यासारखे पक्षी. नांदेडात डोंगर कुठं बघितले होते देव जाणे.

वर्ग घेणाऱ्या मॅडम तरुण होत्या. त्याही मूळच्या नांदेडच्याच, तिथल्या एका जुन्या मुसलमान घरातल्या. लग्न करून लातूरला आलेल्या आणि आठवडाभर शाळेतल्या पोरांना चित्रकला शिकवून रविवारी आमच्यासारख्यांना सांभाळणाऱ्या. आम्हाला सातवीच्या बाकांवर बसायचं होतं. अक्का बसल्या, पण उठताना बाकही त्यांच्याबरोबर उठला.

“आज फक्त रेष काढायची,” मॅडम म्हणाल्या.

अक्कांनी कागदावर पटापट ठिपके घातले.

“ठिपके नक्को काकू. ही रांगोळी न्हाई.”

“मग रेष जाणार कुठं?”

“तुम्ही न्याल तिथं.”

हे अक्कांना आवडलं. त्यांना कुणी असं म्हणालं की त्या खुलतात. मॅडमनी मग भित्री रेष, आळशी रेष, रागावलेली रेष काढायला सांगितल्या. खोडरबर वापरायचं नाही, एकदा काढली ती काढली. माझ्या सगळ्याच रेषा भित्र्या आल्या, रागावलेलीसुद्धा. अक्कांच्या रागावलेल्या रेषेनं कागद फाटला आणि ती खालच्या बाकावर उमटली. मॅडम म्हणाल्या, “वा!” अक्कांना कुणी ‘वा’ म्हटल्याला किती वर्षं झाली होती कोण जाणे. त्या दिवशी तो फाटका कागद त्यांनी घरापर्यंत हातात धरून आणला.

पुढच्या रविवारी आकार आणि घनाकार. मॅडमनी फळ्यावर कागद चिकटवून गोल काढला आणि विचारलं, हे काय? आम्ही म्हणालो, चपाती. त्यांनी त्याला एका बाजूनं काळ्या खडूनं सावली घासली, खाली पडछाया दिली, आणि चपातीचा लाडू झाला. मी खरंच चकित झाले. पन्नाशीला आल्यावर मला कळलं की वस्तू गोल दिसते ती तिच्यावर अंधार पडतो म्हणून. मग आम्ही महिनाभर फळं काढली, तांबे काढले, चुरगळलेला टॉवेल काढला. घरी मी कांदा चिरताना आधी त्याची सावली बघायला लागले, तेव्हा आमचे हे म्हणाले, “तुम्ही दोघी दर रविवारी तिथं जाऊन करता तरी काय?”

“छायाप्रकाश.”

“लाइटबिल कमी यायचं का त्यानं?”

यांच्याशी कलेविषयी माझं झालेलं हे पहिलं संभाषण.

मग तो गृहपाठ आला. घरातल्या कुणातरी माणसाला समोर बसवून त्याचं चित्र काढा. अट एकच, माणूस हलता कामा नये. आमच्या घरात न हलणारा माणूस एकच, आमचे मामंजी. माझे सासरे. ऐंशीच्या पुढचे. सकाळी पूजा करून, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे ओढून दुकानातल्या गादीवर बसायचे, ते दुपारी जेवायला उठायचे. दुपारनंतर घरच्या ओसरीवर खुर्ची. दुकानात आलेला प्रत्येक नमुना आधी त्यांच्या तळहातावर जायचा. त्यांनी ‘हं’ म्हटलं की माल चांगला. माझे दीर आणि आमचे हे, दोघं मिशा पिकलेले, पण वडलांच्या, त्यांच्या अप्पांच्या, त्या ‘हं’ची वाट बघत शाळकरी पोरांसारखे उभे राहायचे.

आता अडचण सांगते. मी मामंजींकडं कधी बघितलंच नव्हतं.

म्हणजे त्यांचं ताट वाढलं, त्यांची धोतरं वाळत घातली, त्यांच्या पाया पडले. त्यांचे पाय मला तोंडपाठ होते. कुठल्या नखाला काय झालंय हे मी अंधारात सांगितलं असतं. त्यांचा खोकला मला शेजारच्या गल्लीतून ओळखू यायचा. पण तोंडाकडं बघायचं म्हणजे काय? आमच्यात सून सासऱ्यासमोर येते ती पदर ओढून आणि मान खाली घालून, आणि काम झालं की जाते. त्यांच्या नाकाचा आकार कसा आहे असं मला कुणी विचारलं असतं तर मी म्हणाले असते, असंल की, नाक हाय म्हटल्यावर आकारबी असंल.

परवानगी अक्कांनी काढली. मामंजी ओसरीवर बसले होते.

“मामंजी, तुमचं चित्र काढायचंय.”

“कशाला? टांगायची घाई झाली का?”

आमच्या दुकानाच्या भिंतीवर त्यांचे आजोबा आणि वडील चंदनाच्या हारात आहेत आणि शेजारी एक मोकळा खिळा आहे.

“त्या खिळ्यावर माझं लक्ष हाय,” मामंजी म्हणाले.

“तो कॅलेंडरचा हाय मामंजी.”

“कॅलेंडर कुठाय मग?”

अक्कांनी दुसऱ्या दिवशी तिथं कॅलेंडर लावलं, तेव्हा ते बसायला तयार झाले.

पहिल्या दिवशी मी कागद, पाटी, पेन्सिल घेऊन त्यांच्यासमोर वेताच्या मोड्यावर बसले. मॅडमनी प्रमाण शिकवलं होतं. हात ताठ लांब करायचा, पेन्सिल उभी धरायची, एक डोळा मिटायचा आणि अंगठा सरकवत मोजायचं, की डोक्याच्या मानानं नाक केवढं, नाकाच्या मानानं कान केवढा. वर्गात तांब्याचं केलं होतं, तांब्या काही बोलला नव्हता. मी डोक्यावरचा पदर नीट केला, हात लांब केला, पेन्सिल धरली, आणि डावा डोळा मिटून मामंजींकडं बघितलं.

मामंजी जरा पुढं वाकले. मग म्हणाले, “धाकटे, डोळा मारायलीस का काय?”

माझ्या हातातली पेन्सिल पडली. अक्का माझ्या मागं बसल्या होत्या, त्या हसता हसता खांबाला टेकल्या. नेमके त्याच वेळी आमचे हे दारातून आत आले.

“काय झालं?”

“तुझी बायको मला डोळा मारायली,” मामंजी म्हणाले. अगदी शांतपणे, तुरीचा भाव सांगावा तसं.

यांचा चेहरा तेव्हा जो झाला तो मला कागदावर उतरवता आला असता तर मी आज मोठी चित्रकार असते. अक्कांना पाणी द्यावं लागलं. रक्तदाब वाढला की कमी झाला ते कळलं नाही, पण इतकं त्यांना हसताना मी तरी बघितलं नव्हतं.

त्या दिवसानंतर बसणं सोपं झालं. ज्या सासऱ्यांना आपण डोळा मारलाय त्यांच्यापुढं आणखी काय लाजायचं? रोज दुपारी चहा झाला की मी काढायची. मला कळलं की डोळे डोक्याच्या बरोबर मध्ये असतात. मी आजवर समजत होते की ते वर असतात, कपाळाच्या जरा खाली, आणि बाकी सगळा चेहरा. मोजून बघितलं तर डोळ्यांच्या वर तेवढंच डोकं निघालं. मला ते पटेना. मी आरशात स्वतःचं मोजलं, यांचं झोपेत मोजलं. सगळ्यांचं तसंच. कान केवढे लांब असतात! भुवईपासून नाकाच्या शेंड्यापर्यंत. एवढे मोठे कान असून माणसं ऐकत कशी नाहीत, असं मला वाटून गेलं.

अक्काही काढत होत्या, पण त्यांची पद्धत वेगळी. त्या मामंजींकडं एकदा बघायच्या आणि मग मनानंच पूर्ण करायच्या. त्यांच्या कागदावरचे मामंजी चाळिशीचे, मिशा टोकदार, नजर करडी. मॅडम म्हणाल्या, “काकू, तुम्ही माणूस न्हाई काढला, तुमचं मत काढलंय.”

“माझं मत बरोबर असतं,” अक्का म्हणाल्या.

माझं घोडं कपाळाशी अडलं होतं. मी विभूतीचे तीन पट्टे सरळ ओढले होते, पट्टी लावल्यासारखे. त्यामुळं कपाळ म्हणजे सपाट फळी दिसत होती. मॅडमनी माझी बांगडी काढून घेतली आणि डोळ्यांसमोर आडवी धरली. “बघा, कडेला गेली की वाकते ना? पट्टेसुद्धा कपाळाबरोबर वळतील. पट्टा वळला की कपाळ आपोआप गोल होईल.” घरी येऊन मी मामंजींच्या कपाळाकडं बघितलं. खरंच ते पट्टे कानशिलाकडं जाताना खाली वळत होते. मी तसे काढले आणि कागदावर एकदम डोकं तयार झालं. आत मेंदू असेल असं डोकं. मी उठून ओसरीभर एक चक्कर मारली.

पण एक गोष्ट सारखी होत होती. मी मामंजींना सरळ समोर बघायला सांगायची. ते बघायचे. मी मान खाली घालून दोन रेषा काढून वर बघितलं की त्यांची मान डावीकडं वळलेली. पुन्हा सांगायची, पुन्हा तेच. मला वाटलं, म्हातारं माणूस, मान दुखत असेल. पण मॅडमनी माझे सगळे कागद बाकावर पसरले आणि म्हणाल्या, “काकू, हे प्रत्येक वेळी एकाच बाजूला कसे वळतात? तिकडं कोण असतं?”

“कुणी न्हाई. भिंत हाय.”

त्या कागद गोळा करायला लागल्या. फक्त म्हणाल्या, “आज घरी डोळे काढा. नुसते डोळे. बाहुली सगळ्यात काळी असते, चेहऱ्यावर तिच्याएवढं गडद काही नसतं. आधी ती शोधा, मग बाकीच्या छटा तिच्या मानानं ठरवा.”

मी दुपारी तेच करायला बसले. उजव्या डोळ्यात काळं सापडलं, जरा धुरकट होतं पण होतं. डाव्या डोळ्यात सापडेना. मी मोडा पुढं सरकवला. आणखी सरकवला. जिथं काळं पाहिजे तिथं भाताच्या पेजेसारखं काहीतरी होतं. मी पेन्सिल खाली ठेवली.

“मामंजी, या डोळ्यानं दिसतं का तुम्हाला?”

“दिसतं की.”

“मी आत्ता काय केलं?”

मी त्यांच्या डाव्या बाजूला हात हलवत होते. ते समोर बघत राहिले. मग म्हणाले, “धाकटे, दार लोट.”

मी दार लोटलं. त्यांनी सांगितलं की डावा डोळा जाऊन लई दिवस झाले, म्हणून मान वळवून उजवा पुढं करावा लागतो, आणि त्यातही आता धूर आहे. माल ते हातानं ओळखतात, दाण्याला दाणा घासून आवाजानं ओळखतात, आणि राहिलेलं माणसाच्या बोलण्यावरून ठरवतात. “पोरांना सांगू नकोस. गादीवरून उठवतील.”

“पण ऑपरेशन होतं मामंजी. आजकाल लगेच होतं.”

“डोळ्याला सुरी लावू देणार न्हाई.”

मी अक्कांना सांगितलं. अक्कांच्या पोटात काही राहत नाही असं सगळं लातूर म्हणतं, पण हे राहिलं. त्यांनी मामंजींची समजूत घालायची जबाबदारी घेतली. मला वाटलं, आता त्या ओरडणार. त्या स्वतःचं चित्र घेऊन ओसरीवर गेल्या. तेच, टोकदार मिशांचं.

“मामंजी, हे कसं झालंय?”

मामंजींनी मान वळवून, कागद लांब धरून, जवळ धरून बघितलं. “चांगलं हाय. हुबेहूब हाय.”

“बघा,” अक्का म्हणाल्या, “माझं चित्र तुम्हाला चांगलं दिसायलंय. आता तरी ऑपरेशन करा.”

मामंजींचे खांदे हलायला लागले. हसायला आलं की ते आवाज करत नाहीत. “कधी जायचं?” त्यांनी विचारलं.

नांदेडला जायचं ठरलं, कारण तिथं माझा भाऊ आहे आणि लातूरच्या दवाखान्यात गेलं तर आम्ही पायऱ्या उतरायच्या आत धान्याच्या मोंढ्यात बातमी गेली असती. घरी सांगितलं, माझ्या भाच्याच्या मुलाचं बारसं आहे. मामंजी बारशाला का चाललेत असं कुणी विचारलं नाही, याचं मला तेव्हाच नवल वाटायला पाहिजे होतं. गाडीनं अहमदपूर, लोहा करत गेलो. अक्का वाटेत मामंजींना सांगत होत्या, हा डोंगर गरम रंगात काढायचा, ते आभाळ थंड रंगात. मामंजी म्हणाले, “उन्हाळ्यात आभाळ थंड कुठलं?”

डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं आणि सांगितलं, मोतीबिंदू पिकून दगड झालाय, एवढे दिवस काय करत होता? डावा डोळा उद्याच करू, उजवा नंतर. मुलाला बोलावून घ्या. तेव्हा मला फोन करावाच लागला.

“अहो, रागावू नका. आम्ही बारशाला न्हाई आलो. मामंजींच्या डोळ्याचं ऑपरेशन करायचंय.”

पलीकडून हे लगेच म्हणाले, “डाव्याच ना?”

माझ्या डोक्यात काय काय गेलं ते मी इथं लिहीत नाही.

हे आणि माझे दीर, दोघंही संध्याकाळच्या आत नांदेडात हजर. दवाखान्याच्या बाहेर, रसवंतीच्या बाकड्यावर बसून मी यांना विचारलं, “तुम्हाला माहीत होतं?”

“दोघांनाबी माहीत होतं. अप्पांनी पास केलेला माल आम्ही मागं नेऊन परत बघायचो.”

“मग दवाखान्यात का न्यायचं न्हाई?”

“कसं न्यायचं? त्यांना कळलं असतं ना, की आम्हाला कळलंय.”

दीरांनी उसाच्या रसाचा ग्लास हातात घेतला तो तोंडाला लावलाच नाही. दोन कर्ती माणसं वर्षानुवर्षं बापामागं डाळ पुन्हा चाळत होती, बाप गादीवर आंधळेपण लपवत होता, आणि सगळे एकाच पंगतीला रोज जेवत होते. अक्का म्हणाल्या, “बापलेकांनी मिळून डोळ्याचा दगड केला.” आणि दीरांच्या वाटणीचा रस पिऊन टाकला.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली तेव्हा आम्ही सगळे खोलीत होतो. मामंजींनी डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

“ही भिंत पांढरी हाय का?”

“हाव मामा,” माझा भाऊ म्हणाला.

“मला कालपर्यंत पिवळी दिसायली होती.”

नर्सबाई आत आल्या, त्यांच्या निळ्या ॲप्रनकडं मामंजी बघतच राहिले. त्या बावरल्या. “काय बघून राहिले मामा?” भावानं विचारलं.

“निळा रंग लई निळा असतो रे,” मामंजी म्हणाले.

डॉक्टरांनी नंतर समजावलं की मोतीबिंदूतून बघणाऱ्याला जग पिवळट दिसतं, निळं तर नाहीसंच होतं. मला मॅडमची रंगचक्राची पाटी आठवली. पिवळ्यातून बघितलं तर निळ्याचं काय होणार, हे आम्ही वर्गात रंग कालवून बघितलं होतं, त्याचा चिखल झाला होता. मामंजी तो चिखल घेऊन किती वर्षं हिंडत होते.

मग त्यांची नजर माझ्यावर आली. माझा हात सवयीनं पदराकडं गेला.

“थांब. तुझ्या गालावर हा तीळ पहिल्यापासून हाय का?”

“हाव, मामंजी.”

“लग्नात बघितला न्हाई.”

“तुम्ही लग्नात पाहुण्यांच्या जेवणाकडं बघत होता.”

“तेबी खरं हाय,” ते म्हणाले, आणि तिळाकडं आणखी जरा वेळ बघितलं. मी पदर तसाच राहू दिला, खांद्यावर. कुणाचं काही बिघडलं नाही.

लातूरला आल्यावर मामंजींनी पहिलं काम काय केलं असेल तर दुकानात जाऊन तुरीच्या डाळीचं पोतं उघडायला लावलं. मूठभर डाळ उजेडात धरली आणि म्हणाले, “ही एवढी फिकी कधीपासून?” दीर म्हणाले, “अप्पा, तूरडाळ अशीच असते.” मामंजींनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. मामंजी म्हणाले, “परत चाळलेली दिसायली. चांगली चाळलीय.” हे आणि दीर दोघंही एकदम वळून गोण्या मोजायला लागले.

दुसरं काम म्हणजे आमची चित्रं. अक्कांचं बघून म्हणाले, “हा कोण?” अक्का म्हणाल्या, “हेच हुबेहूब होतं तुम्हाला.” माझं त्यांनी बराच वेळ बघितलं. मी आतून फुलून बसले होते. वळलेले पट्टे होते, गोल कपाळ होतं, प्रमाणात कान होते.

“एवढा म्हातारा काढायला कुणी सांगितलं?”

“दिसतं तसं काढायचं असतं, मामंजी.”

“आणि गळ्याला हे काय लोंबायलंय?”

“पोत म्हणतात त्याला. कातडीचा पोत.”

“पोत दुकानात डाळीचा बघायचा. गळ्याचा न्हाई.” त्यांनी कागद माझ्या हातात दिला. “दुसरं काढ. उजवा डोळा झाला की नीट बसतो.”

उजवाही झाला, आणि त्यानंतर मात्र मामंजींना घरी ठेवणं अवघड झालं. वर्गाची सहल उदगीरच्या किल्ल्यावर जाणार होती, दूरचं आणि जवळचं कसं काढायचं ते शिकायला. मामंजी म्हणाले, मीबी येतो, लई दिवसांत उदगीर बघितलं न्हाई. काळा चष्मा लावून, धोतर सावरत, ते सगळ्यांच्या पुढं. मॅडमनी त्यांच्यासाठी तटाच्या सावलीत सतरंजी टाकली, अक्कांनी धपाटे आणि शेंगांची चटणी पुढं ठेवली, आणि आम्ही आपापले कागद घेऊन बसलो.

मॅडम सांगत होत्या की तटाच्या वरची कड आणि खालची कड खरं तर समांतर आहेत, पण दूर जाताना एकमेकींकडं झुकतात आणि क्षितिजाच्या रेषेवर एका बिंदूत मिळतात.

“खऱ्यात मिळतात का?” मामंजींनी सतरंजीवरून विचारलं.

“न्हाई, बाबा. फक्त दिसतात तशा.”

“मग तुम्ही खोटं काढायला शिकवता.”

“हाव,” मॅडम म्हणाल्या, “पण नीट मोजून.”

मामंजींना हे उत्तर फार पटलं. त्यांनी मॅडमना जवळ बोलावून धपाटा दिला आणि त्या कुठल्या गल्लीतल्या, वडील काय करायचे, सगळं विचारून घेतलं. मग उठून एकेकाच्या मागं उभे राहून चित्रं तपासायला लागले. अक्कांचा किल्ला बघून म्हणाले, “हा आपलं ऐकणारा दिसत न्हाई.” निवृत्त झालेले एक तलाठी होते आमच्या वर्गात, त्यांना म्हणाले, “हद्द चुकली तुमची,” आणि ते बिचारे खरंच तपासायला लागले.

शेवटी माझ्याकडं आले. मी तट कागदाच्या एका कडेला काढला होता आणि बाकीचा कागद मोकळा ठेवला होता. मॅडमनी त्या दिवशी तेच सांगितलं होतं की मोकळी जागाही चित्रच असते, सगळं भरायची घाई करू नका.

“इथं काय येणार?” मामंजींनी बोट ठेवलं.

“काही न्हाई. ती जागा मोकळी ठेवायची असते, मामंजी.”

“एवढी?”

“एवढी.”

त्यांनी काळा चष्मा काढला, समोरचा तट बघितला, कागद बघितला. “लातूरच्या बाजारात, गंजगोलाईत, एवढी मोकळी जागा कुणी ठेवली तर त्याला येड्यात काढतील,” ते म्हणाले. “भाड्यानं दे कुणालातरी.”

आणि चहाचं काय झालं ते बघायला निघून गेले.